मीटर ६० दाखवतो, म्हणजे पाणी चांगलं का?

प्रश्न : आमच्या गावच्या शुद्ध पाण्याच्या प्लांटवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) ६० येतो. आणखी काही मोजायची गरज आहे का?
– पाणी समिती सदस्य, अथणी तालुका

उत्तर : गरज आहे. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला कळत नाहीत. नायट्रेट किती, फ्लोराइड किती हेही तो वेगळं सांगत नाही.

शिवाय एकट्या ६० वरून प्लांटची तब्येत समजत नाही. बोअरचं पाणी १२०० असेल तर मेम्ब्रेन (प्लांटमधला क्षार अडवणारा पडदा) ९५ टक्के क्षार अडवतंय, म्हणजे उत्तम. बोअरचं पाणीच ३०० असेल तर अडवणूक फक्त ८० टक्के, म्हणजे मेम्ब्रेन थकलंय किंवा एखादी ओ-रिंग (जोडावरचं रबरी कडं) गळतेय. म्हणून आत येणारं आणि बाहेर पडणारं, दोन्ही पाणी रोज मोजा. प्लांट सुरू करून पंधरा मिनिटं झाल्यावरच मोजा. रात्रभर बंद असताना क्षार मेम्ब्रेनपलीकडे झिरपतात, त्यामुळे पहिलं पाणी नेहमी जास्त दाखवतं. मीटर महिन्यातून एकदा १४१३ मायक्रोसीमेन्सच्या (हे वीज वाहण्याचं माप) प्रमाण द्रावणात तपासा.

त्याच वहीत दाब आणि प्रवाह लिहा. कार्ट्रिजच्या (मेम्ब्रेनच्या आधीची गाळणी) आधीच्या व नंतरच्या दाबातला फरक नव्या कार्ट्रिजपेक्षा चौरस सेंटिमीटरला ०.७ किलोनं वाढला की कार्ट्रिज बदला. दाब आणि पाण्याचं तापमान तेच असून शुद्ध पाणी १०-१५ टक्क्यांनी घटलं, तर मेम्ब्रेनवर थर बसतोय. काळ्या खडकातल्या जड पाण्यात हे लवकर होतं. आधी अँटिस्केलंटचा (थर बसू न देणारं रसायन) डोसिंग पंप पाहा. त्यात हवा अडकून तो नुसताच टकटकत असतो. उलट प्रवाह आणि टीडीएस दोन्ही वाढले, तर कुठेतरी गळती आहे.

ऊसपट्ट्यात खताचं नायट्रेट मुरतं. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, त्यात सूट नाही. मेम्ब्रेन इतर क्षारांच्या मानानं नायट्रेट कमी अडवतं, म्हणून शुद्ध केलेल्या पाण्याचीही प्रयोगशाळेत तपासणी करा. सहा महिन्यांखालच्या बाळांना नायट्रेट घातक आहे. उकळून ते जात नाही, उलट दाट होतं. जंतूंची चाचणी मात्र टाकीवर नको, लोक कॅन भरतात त्या नळावर करा.

प्रश्न : बोअरचं पाणी भरताना स्वच्छ असतं, तासाभरात तांबडं होतं. ब्लीचिंग टाकूनही क्लोरीनच्या चाचणीत रंग येत नाही.
– वाचक, खानापूर तालुका

उत्तर : जांभ्याच्या भागात हे लोखंडाचं लक्षण आहे. हवा लागली की विरघळलेलं लोखंड गंजतं आणि खाली बसतं. १ मिलिग्रॅम लोखंड सुमारे ०.६ मिलिग्रॅम क्लोरीन खातं, जंतूंच्या वाट्याला काही उरत नाही. आधी पाणी फवाऱ्यानं उडवून वाळूच्या फिल्टरमधून काढा, मग ब्लीचिंग.

ताज्या, ३३ टक्क्यांच्या पावडरीचे ६ ग्रॅम १००० लिटरला टाकले की लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतं. पाकीट उघडं राहिलेल्या पावडरीचा जोर निम्म्यावरही येतो. अर्ध्या तासानं डीपीडी गोळीनं (क्लोरीन असेल तर ती पाणी गुलाबी करते) तपासा. शेवटच्या नळावर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवं.

रंग न येण्याचं उलटं कारणही असतं. क्लोरीन फारच जास्त झालं तर गुलाबी रंग उमटताच उडून जातो, आणि लोक आणखी पावडर टाकतात. एक भाग नमुना नऊ भाग क्लोरीन नसलेल्या पाण्यात मिसळून पुन्हा पाहा. आता गुलाबी आलं, तर आलेला आकडा दहानं गुणा आणि टाकी रिकामी करा.