बदललेली शैली आणि बदललेली आवडती स्थळे

प्रश्न : माझ्या थोरल्या बहिणीच्या विवाहाची छायाचित्रे ज्यांनी पंधरा वर्षांपूर्वी काढली, त्यांनाच माझ्या विवाहासाठी बोलवावे असे घरातल्या सर्वांचे मत आहे. मात्र त्यांचे अलीकडचे काम दुसऱ्याच कोणाचे तरी वाटते. बहिणीच्या अल्बमात चेहरे तेवढे ठळक आणि मागचे सगळे धूसर अशी छायाचित्रे पानोपानी आहेत. आता ते माणसांच्या घोळक्यात शिरून टिपतात आणि रंगही साधे ठेवतात. पूर्वी ते ज्या भव्य सभागृहाची शिफारस करत, ते सोडून आता एक लहानसे सभागृह सुचवत आहेत. हा बदल अनुभवातून आला आहे की केवळ फॅशन म्हणून, हे कसे ओळखावे?

उत्तर : तुम्ही वर्णन केलेला प्रवास मला फारच ओळखीचा वाटला, कारण थोड्याफार फरकाने तो माझाही आहे. आम्ही फिल्मवर काम करत होतो तेव्हा एका रोलमध्ये ३६ छायाचित्रे मिळत आणि मध्यम आकाराच्या चौकोनी कॅमेऱ्यात तर केवळ १२. त्यामुळे माणसांना उभे करून, माना सरळ करायला लावून, फ्लॅश मारून काढलेले छायाचित्र ही आमची शैली नव्हती, ती काटकसर होती. डिजिटल कॅमेऱ्याने ती काटकसर संपवली. पुढे २००७ मध्ये बाजारात आलेल्या निकॉन डी३ सारख्या कॅमेऱ्यांवर ६४०० आयएसओ (आयएसओ म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता) बिनधास्त वापरता येऊ लागला, म्हणजे ४०० आयएसओच्या फिल्मला जेवढा उजेड लागे त्याच्या सोळाव्या भागात काम भागू लागले. विधी चालू असताना डोळ्यांवर फ्लॅश न मारता, कोणाला न थांबवता टिपणे त्यानंतरच खऱ्या अर्थाने सोपे झाले.

तुमच्या बहिणीच्या अल्बमातील धूसर पार्श्वभूमी याच्या लगेच नंतरची आहे. मोठ्या छिद्राची, म्हणजे मागचे सगळे सहज धूसर करणारी, ८५ मिलिमीटरची लेन्स हाती आली की कोणत्याही छायाचित्रकाराला काही वर्षे तिची भूल पडते. मी तर ती इतकी उघडी ठेवून वापरत असे, की वधूचा एक डोळा स्पष्ट आणि दुसरा किंचित अस्पष्ट येई, आणि त्यालाच मी कलात्मकता समजत असे. माझे डोळे उघडले ते एका कुटुंबाने बऱ्याच वर्षांनी केलेल्या विनंतीमुळे. वधूच्या मागे बसलेल्या आजीचा चेहरा थोडा स्पष्ट करून मिळेल का, असे त्यांनी विचारले. आजी तोवर राहिल्या नव्हत्या, आणि त्या दिवसाच्या माझ्या सर्वांत देखण्या छायाचित्रात त्या एक फिकट डाग होऊन बसल्या होत्या. टिपतानाच जे धूसर झाले, ते नंतर खऱ्या अर्थाने परत आणता येत नाही. त्यानंतर मी आजूबाजूचे अधिक सामावून घेणारी ३५ मिलिमीटरची लेन्स अधिक वापरू लागलो, चार पावले पुढे जाऊ लागलो आणि चौकटीत मागची माणसेही ओळखू येतील एवढी स्पष्टता ठेवू लागलो. तुमच्या छायाचित्रकारांच्या बाबतीत नेमके काय घडले ते मी सांगू शकत नाही. पण बदलाची दिशा मला शहाणपणाची वाटते.

फॅशन बहुतेक वेळा रंगांत दिसते. सगळे छायाचित्र कृष्णधवल आणि हातातली फुले तेवढी लाल, हा प्रकार एके काळी आम्ही सगळ्यांनी केला (मी किती केला, हे विचारू नका). मग विटलेल्या काळ्या छटा आल्या, मग तपकिरी झाक आली. म्हणून वेचक वीस-पंचवीस छायाचित्रे पाहून निर्णय घेऊ नका. अलीकडच्या एखाद्या विवाहाचा, त्या कुटुंबाची परवानगी असलेला, संपूर्ण संच पाहायला मागा. सकाळची खोली, भर दुपारचे अंगण आणि रात्रीचे सभागृह या तिन्ही ठिकाणी त्वचेचा रंग माणसाच्या त्वचेसारखाच दिसत असेल, तर त्या साधेपणामागे कष्ट आहेत.

सभागृहाविषयीचा त्यांचा सल्ला मात्र मी अधिक गांभीर्याने घेईन. उमेदवारीच्या काळात आम्हाला झुंबरे, उंच छत आणि नक्षीदार खांब आवडतात. काही वर्षे घाम गाळल्यावर कळते, की फ्लॅशचा उजेड अंतर दुप्पट झाले की चौथाईवर येतो, त्यामुळे फार उंच छतावर आपटून तो परत येईपर्यंत त्यात फारसा दम उरत नाही. आणि छत गडद लाकडाचे असेल तर तेवढाही येत नाही. बुटके पांढरे छत दिसायला सामान्य असते, पण तेच मऊ उजेड देते. खिडकीतून येणारा निळसर उजेड आणि पिवळे दिवे एकाच चेहऱ्याच्या दोन बाजूंवर पडले, तर रंगांची ती ओढाताण नंतर संगणकावरही नीट सुटत नाही. म्हणून अनुभवी माणूस आधी वधूच्या तयारीची खोली पाहतो, तिला मोठी खिडकी आहे का ते बघतो, आणि तेथून विधीच्या जागेपर्यंत चालत किती वेळ लागतो तेही मोजतो.

शिवाय सभागृहेही बदलतात. माझ्या एका आवडत्या जागी नूतनीकरणात खिडक्या बुजवून जांभळे एलईडी दिवे लावले गेले, आणि ती जागा माझ्या यादीतून गेली. तुमच्या भव्य सभागृहाचे असे काही झाले आहे का, ते त्यांनाच विचारा. नेमके कारण सांगता आले, तर त्यांचा सल्ला माना. ‘आता तिकडे कोणी जात नाही’ एवढेच उत्तर मिळाले, तर तुमच्या पसंतीचे सभागृह घ्या.

प्रश्न : मी या व्यवसायात नवा आहे. एकाच आवडत्या सभागृहात वारंवार काम केल्याने कामात तोचतोपणा येतो का?

उत्तर : येतो. माझ्या आवडत्या सभागृहातील एका जिन्याच्या वळणावर मी इतकी जोडपी उभी केली, की जुने संच चाळताना केवळ कपड्यांवरून विवाह ओळखावे लागू लागले. त्या वळणावर आता मी कोणालाही उभे करत नाही. तुम्ही विवाहाच्या आदल्या दिवशी, विधीच्याच वेळेस तेथे जाऊन या. ऋतूनुसार सूर्य सरकतो आणि ओळखीच्या सभागृहातही कालपर्यंत अंधारलेला एखादा कोपरा उजळलेला सापडतो.