शेतकरी संघटनेचे खुल्या बाजारवाले आणि डावे नेमके कशावरून भांडतात?

दोघंही शेतकऱ्याच्या बाजूने बोलतात, मग एका मंचावर का येत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहू कापूस करतो, दोन्हीकडच्या सभा ऐकल्या आहेत. मला तरी भांडण भावापेक्षा मालकीवरून जास्त दिसतं.

संघटनेचे संस्थापक शरद जोशींची मांडणी सरळ होती: सरकारच शेतमाल मुद्दाम स्वस्त ठेवतं. निर्यातबंदी, साठामर्यादा, जमिनीच्या कमाल धारणेचा कायदा, सगळं उठवा. डाव्यांची किसान सभा म्हणते, सरकार हटलं की व्यापारी भाव पाडेल, हमीभावाचा कायदा करा. म्हणूनच बाजार समितीबाहेरची विक्री खुली करणाऱ्या 2020 च्या कृषी कायद्यांवर (ते पुढे मागे घेतले गेले) दोघं समोरासमोर आले.

खरी फाटाफूट बियाण्यावर कळते. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला संघटनेने परवानगी नसलेलं एचटीबीटी, म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणारं जनुक बदललेलं कापसाचं बियाणं, उघडपणे पेरलं. पेरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. त्यांचा दावा, माझ्या वावरात काय पेरायचं ते मी ठरवणार. यावर डाव्यांतही एकमत नाही. पर्यावरणवाल्यांना ते जनुकच नको. माझ्या ओळखीचे लाल झेंड्याचे कार्यकर्ते मात्र म्हणतात, तंत्रज्ञान येऊ द्या, पण ते कंपनीच्या नाही, नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेसारख्या सरकारी संस्थेच्या हातून.

मी इथे संघटनेच्या बाजूचा आहे. बंदीने पेरा थांबला नाही, फक्त चोरबीटी, म्हणजे हेच बियाणं चोरून विकलेलं, आलं. पाकिटाला बिल नाही, उगवलं नाही तर तक्रार कोणाकडे करणार? पण तणनाशक मारलं की निंदण संपतं, आणि पावसाळ्यात भूमिहीन बायांचं घर त्याच मजुरीवर चालतं. हे विचारलं की संघटनेचे लोक म्हणतात, निंदायला मजूर मिळतातच कुठे? टंचाई खरी आहे, मीही ती सोसतो. पण ज्यांच्या नावावर वावरच नाही त्यांना ते स्वातंत्र्य कसं पोचणार, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. हा प्रश्न डावेच विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे.

गडचिरोलीचं मेंढा-लेखा मात्र यातल्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. 2011 मध्ये बांबू विकायचा अधिकार त्यांनी वनखात्याकडून घेतला, हे खुल्या बाजारवाल्यांनाही पटावं. त्याच गावाने 2013 मध्ये खाजगी जमिनी ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेकडे सोपवायचं ठरवलं. तिथे सरकारची मालकी नको आणि एकट्याचीही नको.