पैसे दुसऱ्याच्या हातून दिले तरी…
ठाणे आणि नवी मुंबईतून येणाऱ्या पत्रांत एकच गैरसमज पुन्हा पुन्हा दिसतो: लाच आपण स्वतः टेबलावर ठेवली नाही, तर आपण त्यातून मोकळे. म्हणून या वेळी मुख्यतः तेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न (नौपाडा): घरपट्टीच्या बिलावर वडिलांच्या जागी माझे नाव लावायचे आहे. एजंट सहा हजार मागतो, 'त्यातले चार आत द्यावे लागतात' म्हणतो. देणारा तो, मग मी दोषी कसा?

उत्तर: काम तुमचे, पैसा तुमचा, आणि तो कुठे जाणार हे तुम्हाला ठाऊक आहे. दोषी ठरू शकता. नागरी सुविधा केंद्रात स्वतः अर्ज द्या, पोच घ्या. मुदत टळली तर लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करा.

प्रश्न (घणसोली): बिल्डर म्हणतो, घरपट्टी आणि लाइट बिल आहे म्हणजे इमारत अधिकृत.

उत्तर: नाही. बेकायदा बांधकामालाही घरपट्टी लागते.

प्रश्न (ऐरोली): लाचखोराला पकडण्यासाठी लावलेल्या सापळ्यात दिलेली रक्कम परत मिळते का?

उत्तर: मिळते. 1064 वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवा आणि ते सांगतील तसेच वागा. शेजाऱ्याच्या सल्ल्याने स्वतःच नोटांवर खुणा करत बसू नका.

प्रश्न (कळवा): बिल्डर गायब आहे. ओसीसाठी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्रासाठी, लाच द्यायला सोसायटीने दर फ्लॅटमागे दहा हजार काढायचे ठरवले आहे. समितीतली माणसे सज्जन आहेत. एकट्याने नाही म्हटले तर वाईटपणा येतो.

उत्तर: वाईटपणा घ्या. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही सरळ गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवावे लागते. सभेत ठराव करून गोळा केलेल्या पैशाला बळजबरी म्हणणे फार अवघड जाईल. हे 'किरकोळ खर्च' म्हणून वहीत दाखवा, असे सांगणारे सल्लागार मला भेटले आहेत. तीच वही उद्या पुरावा होते.

पण मला कायद्यापेक्षा दुसरी काळजी जास्त आहे. एकेकटा कधी लाच देणार नाही अशी ऐंशी कुटुंबे वर्गणी काढून ती देतात आणि कुणालाच आपण काही केल्यासारखे वाटत नाही. नगरसेवक खातात, अधिकारी खातात, हे खरेच आहे. पण त्यांच्यापर्यंतचा पैसा आपल्याच सभेतून निघतो. 4 एप्रिल 2013 ला शीळ फाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत कोसळून 74 जण गेले. परवानगीशिवाय मजल्यावर मजले चढत गेले होते. बिल्डरांसोबत महापालिकेचे अधिकारी आणि पोलीसही अटकेत गेले. म्हणून विचारते: पैशावर मिळालेल्या ओसीसाठी जिना, अग्निसुरक्षा, वाढीव बांधकाम कुणी खरोखर तपासले का, हे तुम्हाला कसे कळणार? त्या जिन्यावरून तुमचीच मुले उतरणार आहेत.

आधी माहिती अधिकारात दहा रुपये भरून फाइल मागवा. उत्तराची मुदत तीस दिवस. ओसी नेमकी कशामुळे अडली ते कागदावर दिसू द्या. मग स्वतंत्र आर्किटेक्ट आणि वकील यांना भेटा. 'माझी सेटिंग आहे' म्हणणाऱ्याला नको. तुमचा विरोध मात्र पुढच्याच सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.

प्रश्न (नाव-गाव नको): पती महापालिकेत अभियंता आहेत. पगारात न बसणारे दोन फ्लॅट माझ्या नावावर आहेत. विचारले की 'सगळेच घेतात' म्हणतात. मला झोप लागत नाही.

उत्तर: ताई, झोप न लागणे योग्यच आहे. बेहिशेबी मालमत्तेला साथ दिली म्हणून नोकरीत नसलेल्या व्यक्तीवरही खटला चालू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने हे 1999 मध्येच स्पष्ट केले आहे. 'मला काही माहीत नव्हते' हे म्हणणे तुम्हाला आता सोपे नाही. पतीच्या वकिलाकडे नको, स्वतःच्या वकिलाकडे जा, याच आठवड्यात, आणि तोवर कोणत्याही नव्या कागदावर सही करू नका.