हाड जुळलं, पाय सुजतोय, गाडी दारात उभी

“डॉक्टर म्हणतात हाड जुळलंय. मग संध्याकाळ झाली की पाय का सुजतो? आणि मी परत गाडी कधी चालवणार?”

अपघातानंतर माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे दुचाकीवाले फिरून फिरून याच प्रश्नावर येतात. सोबत आलेल्या बायकोची किंवा आईची तक्रार वेगळी असते: “घरात चिडचिड फार वाढलीय.” मला या दोन तक्रारी वेगळ्या वाटत नाहीत. त्यासाठी अमोलची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिहायला त्याची परवानगी आहे.

अमोल चौतिशीचा, एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. घर सांगलीत आणि फिरती तासगाव, विटा, कवठेमहांकाळ, पार जतपर्यंत. “मॅडम, माझं ऑफिस म्हणजे गाडीची सीट,” हे त्यानं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. डिसेंबरात अंधार पडल्यावर जतहून परतताना पुढं उसाची ट्रॉली होती. मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. ऐनवेळी दिसली म्हणून त्यानं गाडी बाजूला घेतली, तर रस्त्यावर सांडलेल्या उसावरून चाक घसरलं. गाडी डाव्या अंगावर पडली आणि डावं पाऊल गिअर आणि रस्ता यांच्यामध्ये सापडलं.

पहिल्या दवाखान्यात एक्स-रे काढून “मुका मार आहे, पंधरा दिवसांत चालाल” असं सांगितलं गेलं. पंधरा दिवस होत आले तरी तळव्यावरचा काळानिळा डाग जाईना आणि पाऊल टेकवलं की ब्रह्मांड आठवायचं. दुसऱ्या ठिकाणी पायावर वजन देऊन एक्स-रे काढला, सीटी स्कॅन झालं, तेव्हा निदान निघालं: लिसफ्रँक इजा. बोटांकडं जाणारी लांब हाडं पावलाच्या मधोमध जिथं मागच्या छोट्या हाडांना जोडलेली असतात, तो हा सांधा. झोपवून काढलेल्या एक्स-रेत तिथली फट कधी कधी दिसतच नाही, त्यामुळं ही इजा पहिल्या तपासणीत निसटते हे अस्थितज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे. मग ऑपरेशन, प्लेट, स्क्रू, दोन महिने पाऊल जमिनीला लावायचं नाही, त्यानंतर गुडघ्याखालपर्यंतचा तो जाड बूट.

माझ्याकडं तो मे महिन्यात आला. आला म्हणजे, बायकोनं, स्वातीनं आणला.

बोलायला लागला तसं लक्षात आलं की या माणसाकडं तारखांचा ढीग साठलाय. मुका मार म्हणून मॅनेजरला आधी संक्रांतीचा शब्द दिला होता. ऑपरेशननंतर तो पाडव्यावर गेला, मग अक्षय्य तृतीयेवर. त्यात तो एमआर. ज्या अस्थितज्ज्ञांकडं वर्षानुवर्षं कॅल्शियमच्या गोळ्यांची पत्रकं घेऊन गेला, त्या सगळ्यांचे नंबर मोबाइलमध्ये. एकेकाला फोन करून विचारलं. कुणी तीन महिने म्हटलं, कुणी सहा, कुणी “वर्षाची तयारी ठेव रे.” त्यांचं काही चुकलं नाही, एक्स-रे न बघता फोनवर याहून वेगळं कोण काय सांगणार? पण अमोलनं त्यातली सगळ्यात जवळची तारीख धरली आणि ती उलटली की आपलंच काहीतरी बिघडलंय असं ठरवून टाकलं.

रात्री झोप नाही, मग मोबाइल. पहाटे दोनला त्यानं वाचून काढलं की लिसफ्रँक हा नेपोलियनच्या काळातला फ्रेंच सर्जन आणि त्याच सांध्यातून पाऊल कापायच्या शस्त्रक्रियेमुळं त्याचं नाव तिथं चिकटलं. माहिती खरी आहे. दोनशे वर्षांपूर्वीची आहे, हे पहाटे दोनला कुणाच्या डोक्यात येतं! तेव्हापासून “माझा पाय कापावा लागेल का” ही भीती मनात धरून बसला होता आणि घरात कुणाला बोलला नव्हता.

दुसऱ्या भेटीत त्यानं मोबाइल माझ्यापुढं सरकवला. रोज पावलाचा फोटो. तीच प्लॅस्टिकची खुर्ची, तीच फरशी, घोट्याच्या आतल्या बाजूला मोज्याच्या रबराचा वळ, ऑपरेशनच्या खुणेशेजारी चमकणारी ताणलेली कातडी. “बघा, मार्चमध्ये जेवढा होता तेवढाच आज.” मी फोटोंवरच्या वेळा बघितल्या. सगळे रात्री जेवणानंतरचे. दिवसभर खाली सोडलेलं पाऊल रात्री सुजणारच. अशा इजेनंतर संध्याकाळची सूज सहा महिने, कधी वर्षभरही राहते. हाड जुळलं तरी अस्थिबंध, स्नायू आणि पायातून रक्त वर ढकलणारी पोटरी यांना आपला वेळ लागतो. त्याला म्हटलं, आठवड्यातून एकदाच फोटो काढा, रविवारी सकाळी उठल्याबरोबर. स्वातीनं लगेच विचारलं, “आणि बाकीचे दिवस?” बाकीचे दिवस मोज्यात ठेवा.

एका वाक्यानं तर या माणसाचं तोंडच बंद केलं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, “जिवावरचं पायावर निभावलं, देवाची कृपा.” बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण दहा वेळा ऐकल्यावर ज्याचा पाय मोडलाय त्याला वाटायला लागतं की आपल्याला कुरकुरायचा हक्क नाही. पगार थांबलाय, मुलाला शाळेत सोडायला मेहुणा येतो, संडासला जाताना वडिलांचा हात धरावा लागला होता, यातलं काहीच बोलायचं नाही, कारण जीव वाचलाय ना. मग ते कढीतल्या मिठावरून बाहेर पडतं. स्वातीला मी एवढंच सांगितलं की “नशीब समजा” हे वाक्य घरात महिनाभर कुणी उच्चारायचं नाही. वडिलांना ते पटलं नाही. पण त्यांनी पाळलं.

आता कामाचं. सगळ्या तारखा आम्ही बाजूला ठेवल्या आणि त्याच्या सर्जनकडून आणि फिजिओथेरपिस्टकडून एकच गोष्ट लिहून घेतली: पायाला काय काय जमायला लागलं की पुढची पायरी. काठीशिवाय घरात लंगडत नाही का. जिना एकेक पायरी नीट उतरतो का. भिंतीला हात लावून फक्त डाव्या पायाच्या चवड्यावर टाच उचलता येते का. ही शेवटची साधी दिसते, पण पावलाच्या मधल्या सांध्याची खरी परीक्षा तिथंच होते. मे महिन्यात अमोलची टाच जमिनीवरून हलत नव्हती. त्याला ते ऐकून उलट बरं वाटलं. म्हणाला, “म्हणजे टार्गेट आहे तर.” एमआरला टार्गेट दिलं की तो माणसात येतो.

यातली मोठी अडचण चांगल्या दिवसाची असते. सकाळी पाय हलका वाटला की अमोल निघायचा: बाजार, स्टॉकिस्टचं गोडाऊन, एका दवाखान्याचे तीन मजले. पुढचे दोन दिवस उशीवर पाय. मग “पाय परत बिघडला” म्हणून रडारड, आणि पुन्हा चांगला दिवस उगवला की राहिलेलं सगळं एकदम. भिजत घातलेली मटकी दर तासाला फडकं सोडून बघितल्यानं लवकर मोड येत नाहीत, तसं हे. फिजिओथेरपिस्टनं चालायची मिनिटं ठरवून दिली. दिवस चांगला असो की वाईट, तेवढीच. कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळची: दुखणं आणि सूज नेहमीच्या पातळीवर परत आली असेल तर कालचं काम पायाला झेपलं. नसेल आली तर एक पायरी खाली. चालताना थोडं दुखलं म्हणजे आत काही मोडलं असं नाही, हे त्याला सर्जनच्या तोंडून ऐकायला लावलं. माझ्या तोंडून ऐकून उपयोग नव्हता, मी एक्स-रे वाचत नाही.

आणि मावा, तंबाखू-सुपारीचा. आमच्याकडं हा विषय काढल्याशिवाय हाडाचं बोलणंच होऊ नये. दिवसभर घरी बसून दोनाचे सहा झाले होते आणि सर्जनला “सोडलाय” असं सांगितलं होतं. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड भरायला, जखम भरायला उशीर लागतो. सिगारेटसारखा मावाही यात धरावा. कॅल्शियम विकणाऱ्या माणसाला हे मी शिकवायचं म्हणजे गंमतच. पूर्ण सुटला नाही, पण खरं काय ते सर्जनला सांगून आला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत खिडकीखालून ट्रॅक्टर गेला. अमोल बोलता बोलता थांबला, खुर्चीचा हात धरला आणि ट्रॅक्टर लांब गेल्यावर वाक्य पहिल्यापासून सुरू केलं. त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मग विचारलं तेव्हा एकेक निघालं. मेहुण्याच्या मागं बसला की उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो. उसाच्या चिपाडाचा वास आला की पोटात गोळा येतो. संध्याकाळ झाली की बाहेर पडायचं टाळतो. “पाय तयार नाही” हे खरंच होतं, पण त्याच्याआड रस्त्याची भीतीही बसली होती. पायाच्या दुखण्यावर भीतीचं खापर फोडता येतं, म्हणून ती लवकर दिसत नाही. पाय बरा झाला की भीती आपोआप जाईल असं घरचे धरून चालतात. बऱ्याचदा पाय बरा होतो आणि गाडी विकली जाते.

दोन्हीचे उपाय वेगळे. सर्जननं गाडीवर बसायला हरकत नाही म्हटल्यावर आम्ही सुरुवात दारातून केली. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, नुसतं बसायचं आणि क्लच दाबून गिअरच्या दांड्यावर पाऊल ठेवायचं. जीव घाबरला तरी उतरायचं नाही, भीती ओसरेपर्यंत थांबायचं. घाबरल्या घाबरल्या उतरलं की भीतीला बळ मिळतं. मग इंजिन चालू. मग गल्ली. मग मेहुणा मागं बसून दिवसाउजेडी विश्रामबागपर्यंत. अपघात झाला तो टप्पा आधी बसच्या खिडकीतून बघितला.

इथं एक यांत्रिक भानगड निघाली. त्याच्या गाडीचा गिअर एक खाली, बाकी वर असा, म्हणजे प्रत्येक वरच्या गिअरला बुटाच्या वरच्या भागानं दांडा उचलायचा, नेमका दुखऱ्या जागेवर. फिजिओथेरपिस्टनंच सुचवलं आणि मेकॅनिकनं टाचेनं दाबायचा जोडदांडा बसवून दिला. चप्पल बंद, कडक तळव्याचा घोटाबंद बूट. सिग्नलला डावं पाऊल टेकतं म्हणून तिथं गाडीचा भार पेलता येतो का, हे आधी बंद गाडीवर तपासलं. काही जण मला म्हणतात, सरळ बिनगिअरची स्कूटर घ्यावी. घ्यावी की. पण जतच्या रस्त्यावर रोज शंभरावर किलोमीटर फिरणाऱ्याला तो निर्णय परवडतो का, हे त्याचं त्यानं ठरवावं. अमोलनं घेतली नाही.

मॅनेजरचा फोन हा वेगळाच ताप होता. “कधी जॉइन होताय?” आला की हा नवी तारीख द्यायचा आणि फोन ठेवल्यावर घाम पुसायचा. आम्ही उत्तर लिहून काढलं: आज मी काय करू शकतो. सांगली-मिरजेतले डॉक्टर रिक्षानं, स्टॉकिस्टचं काम फोनवर, बाहेरगाव नाही. सोबत सर्जनचं पत्र. कंपनीनं दोन महिन्यांसाठी ते मान्य केलं, पगार अर्धा. अर्ध्या पगारानं घरातला निम्मा ताण गेला असं म्हणायला हरकत नाही. माझ्या समुपदेशनाचा वाटा त्यापुढं लहान आहे.

काही गोष्टी मात्र समुपदेशकाकडं आणायच्याच नाहीत. पाऊल आगीसारखं जळतंय, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, कातडीचा रंग किंवा ऊब दुसऱ्या पावलाहून वेगळी झाली, तर ते “मनाचं” म्हणून सोडू नका, सर्जनला लवकर दाखवा. पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, किंवा जखमेतून पू, ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना. दम लागला किंवा छातीत दुखलं तर घरात थांबूच नका. मधुमेह असेल तर बधीर पावलावर विश्वास ठेवू नका. आणि महिना उलटूनही अपघात डोळ्यांपुढं येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल तर त्याच क्षणी कुणाला तरी सांगा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

अमोल आता तासगाव आणि विटा गाडीवर करतो. जतला एसटीनं जातो आणि तिथं रिक्षा करतो, कारण परतताना अंधार होतो आणि उसाचा हंगाम परत सुरू झालाय. डाव्या पायाची टाच उचलली जाते, उजव्याइतकी वर नाही. थंडीत सकाळी पाऊल आखडतं. या सांध्यात पुढं संधिवात होऊ शकतो, हे सर्जननं त्याला स्पष्ट सांगितलंय आणि ते लपवायचं कारणही नाही. सध्या त्याचा प्रश्न प्लेट काढायची की ठेवायची हा आहे, आणि परवा फोनवर स्वाती सांगत होती की त्यानं परत तिघा डॉक्टरांना विचारून झालंय.