खानदेशातल्या डाइकचे चुंबकत्व वाचताना

अनेक आशीर्वाद.

साक्री-नंदुरबार पट्ट्यातील डाइकचे (जुन्या थरांच्या भेगेत लाव्हारस घुसून थिजलेल्या दगडी भिंतींचे) नमुने घेऊन पुराचुंबकत्वाचा, म्हणजे खडकात टिकून राहिलेल्या प्राचीन चुंबकत्वाचा, अभ्यास करण्याचा तुझा बेत वाचून मनापासून आनंद झाला. विहीर खोदताना ज्या काळ्या दगडाला सुरुंग लावावा लागतो, त्याच दगडाने भारत एकेकाळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता याची साक्ष दिली आहे.

लाव्हा थंड होताना त्यातील मॅग्नेटाइटचे कण ५८० अंश सेल्सियसच्या खाली आले की (टायटॅनियम जास्त असेल तर आणखी कमी तापमानाला) त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. ही दिशा क्षितिजाशी जो कोन करते ती नती. नियम असा, की नतीचा टॅन्जंट अक्षांशाच्या टॅन्जंटच्या दुप्पट असतो. त्यानुसार २१ अंश उत्तरेवरील खानदेशात नती सुमारे ३८ अंश यायला हवी. दख्खनच्या लाव्हाच्या थरांत मात्र सरासरी नती ४५ अंश किंवा थोडी अधिक मिळते आणि तिच्यावरून सुमारे २७ ते ३० अंश दक्षिण अक्षांश निघतो. म्हणजे गेल्या सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांत ही भूमी पाच हजारांहून अधिक किलोमीटर उत्तरेला सरकली.

आता नतीच्या चिन्हाकडे, म्हणजे दिशा खाली झुकते की वर जाते याकडे, नीट लक्ष दे. दख्खनच्या बहुतेक थरांतील चुंबकत्वाची दिशा आग्नेयेच्या जरा दक्षिणेकडे आणि खाली झुकलेली असते. खाली झुकलेली दिशा म्हणजे उत्तर गोलार्ध, असे वरवर पाहता वाटेल. परंतु ते थर पडले तेव्हा पृथ्वीचे क्षेत्र आजच्या उलट होते. दिशा उलटवली की ती वायव्येच्या जरा उत्तरेकडे आणि वर जाते, आणि ही दक्षिण गोलार्धाची खूण आहे. उत्तरेपासून राहणारा सुमारे तीस अंशांचा फरक भारत घड्याळाच्या उलट दिशेने फिरल्याचे सांगतो. हा निवाडा एकट्या दगडावरून होत नाही. हिंदी महासागराच्या तळावरील चुंबकीय पट्टे आणि आपल्याकडचे जुने-नवे खडक एकत्र पाहिल्यावरच तो पक्का होतो. रेखांश तर या पद्धतीने मिळतच नाही.

१९५० च्या दशकात क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी, आणि पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉइच यांच्याबरोबर राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी दख्खनवर हे काम केले, तेव्हा बहुसंख्य भूशास्त्रज्ञांना खंडांचे सरकणे मान्यच नव्हते. म्हणून त्यांची मोजमापे आदराने वाच.

क्षेत्रकामात साध्या होकायंत्रावर विसंबू नकोस, बेसाल्टजवळ (आपल्या या काळ्या दगडाजवळ) ते भरकटते. सूर्याच्या सावलीवरून दिशा काढणारे सूर्य-होकायंत्र वापर आणि वेळ मिनिटापर्यंत टिपून ठेव. अडीच सेंटिमीटर व्यासाचा गाभा (छिद्र पाडून काढायचा दंडगोल नमुना) मूळ खडकापासून तोडण्याआधीच त्याच्यावर दिशेची रेघ मार. लळिंगसारखे उंच माथे टाळ. वीज पडलेल्या जागी मूळ चुंबकत्व पुसले जाते. खाणीची ताजी भिंत किंवा नदीने धुतलेला खडक केव्हाही बरा. प्रयोगशाळेत नमुना टप्प्याटप्प्याने तापवून वरवरचे चुंबकत्व काढून टाकावे लागते. त्यानंतरही दिशा उत्तरेकडे आणि सुमारे ३८ अंश खाली येत असेल, तर तो आजच्याच क्षेत्राचा लेप असण्याचा संशय धर.

डाइकची मोठी सोय अशी, की तो शेजारच्या जुन्या थराला भाजतो. नमुने तिन्ही ठिकाणचे घे: डाइकमधले, भाजलेल्या कडेचे आणि दूरच्या न भाजलेल्या थरातले. पहिल्या दोघांची दिशा जुळली आणि तिसऱ्याची वेगळी आली, तर डाइकचे चुंबकत्व तो थंड होतानाचेच आहे असे खात्रीने म्हणता येईल. मात्र एक डाइक म्हणजे एकच क्षण. तुमच्या भागातील काही डाइक कित्येक किलोमीटर लांब आहेत; अशा एकाच डाइकवर पन्नास ठिकाणी गाभे काढले तरी सरासरीत त्याची नोंद एकच धरायची, कारण क्षेत्राची दिशा शतकानुशतके डोलत असते आणि ते डोलणे अनेक स्वतंत्र डाइकच्या सरासरीतच निघून जाते. तेव्हा जागा निवडताना एकाच डाइकमागे लांबवर न जाता त्याला आडवे चाल, आणि पहिल्या चार-पाच डाइकचे आलेख तयार झाले की वहीच्या पानांसह मला पाठव.