टर्बो बदलायच्या आधी हे बघा: बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) कमी येण्यावर वाचकांचे प्रश्न

प्रश्न: २०१३ची डिझेल हॅचबॅक आहे, खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरवरही गाडी ओढत नाही, मागून काळा धूर आणि बॉनेटमधून फुस्स असा आवाज येतो. गॅरेजवाले म्हणतात टर्बो गेला, नवीन टाका.

थांबा, पैसे देऊ नका अजून. काळा धूर आणि फुस्स हे दोन्ही एकत्र असलं की माझा पहिला संशय कायम होजवर, म्हणजे हवा नेणाऱ्या रबरी नळीवर. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून हवा दाबणारा पंखा, त्याने दाबलेली हवा इंटरकूलरमधून (ती थंड करणारी जाळी) इंजिनात जाताना वाटेत कुठेतरी बाहेर पडते, पण एअरफ्लो सेन्सर टर्बोच्या आधी बसलेला असतो, त्याने ती हवा मोजलेली असते आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्या हिशोबाने डिझेल सोडतो, मग हवा कमी आणि डिझेल जास्त, म्हणून धूर. होज बहुतेक वेळा खालच्या बाजूने फाटतो आणि ती चीर फक्त प्रेशर आल्यावरच उघडते, त्यामुळे गाडी उभी करून नुसतं बघितलं तर सगळं ठीकच दिसतं. सगळे होज हाताने दाबून, वळवून बघा, जिथे ऑइलचा ताजा ओघळ आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसेल तिथे आधी बघा, क्लॅम्प ढिला असेल तर तोही. तरी सापडलं नाही तर स्मोक टेस्ट (नळ्यांत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं) करून घ्या. कोकणातल्यांनो, पावसाळ्यात उंदीर होज आणि वायरी कुरतडतात हे लक्षात असू द्या.

टर्बो खरंच गेलाय का ते बघायचं तर इंजिन थंड असताना इनलेट होज काढा आणि टर्बोचा शाफ्ट (पाती बसवलेला दांडा) हलवा. बाजूला किंचित हलणं चालतं कारण तो ऑइलच्या थरावर फिरतो, पण आत-बाहेर हलत असेल किंवा पाती बॉडीला घासल्याच्या खुणा असतील तर मात्र गॅरेजवाले बरोबर आहेत.

प्रश्न: हायवेला ओव्हरटेक करताना अचानक पॉवर जाते, चेक इंजिन लागतं, स्कॅनरवर पी०२९९ येतो. बंद करून चालू केली की परत ठीक.

पी०२९९ म्हणजे मागितला तेवढा बूस्ट आला नाही एवढंच, टर्बो खराब असं तो कोड म्हणत नाही. आधी तुमचा टर्बो कुठला ते बघा, एकाच १.३ मल्टीजेट डिझेल इंजिनात ७५ पीएसला (पीएस म्हणजे ताकदीचं माप) साधा आणि ९० पीएसला व्हीजीटी (आतली पाती फिरवून बूस्ट कमीजास्त करणारा) यायचा. व्हीजीटी व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर इंजिन बंद ठेवून हातपंपाने अ‍ॅक्चुएटरला (दांडीने ती पाती हलवणाऱ्या डबीला) व्हॅक्यूम द्या, दांडी न अडखळता सरकली पाहिजे आणि पंप थांबवल्यावर तिथेच टिकली पाहिजे. टिकत नसेल तर डबीतला डायफ्राम (रबरी पडदा) गेलाय, अडकत असेल तर आतल्या पात्यांवर काजळी बसलीय, ती साफ होते. दोन्ही ठीक असेल तर व्हॅक्यूमचे बारीक पाइप आणि सोलेनॉइड (व्हॅक्यूम सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) तपासा, पाइप उन्हाने आणि गरमीने तडकतात आणि स्वस्त असतात. मी हा भाग आधी तपासायचा आग्रह धरतो कारण यात लोकांचे उगाच भरपूर पैसे गेलेले मी बघितलेत.

प्रश्न: पुण्यात इंजिन बंद, फक्त चावी ऑन, तर एमएपी सेन्सर ९५ दाखवतो. सेन्सर खराब आहे का? मित्राचा रत्नागिरीत १००च्या वर दाखवतो.

अगदी बरोबर आहे तुमचा. हा सेन्सर हवेचा एकूण दाब किलोपास्कलमध्ये मोजतो, पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर आहे म्हणून ९५, महाबळेश्वरला गेलात तर ८६च्या आसपास येईल. चालू गाडीत जो आकडा दिसेल त्यातून हा वजा करा, उरेल तो टर्बोने दिलेला खरा बूस्ट. ही वजाबाकी न केल्यामुळे खूप गोंधळ होतो. आणि नुसता आलेला आकडा बघू नका, ईसीयूने मागितलेला आणि आलेला दोन्ही शेजारी लावून चढावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन बघा, लॅपटॉप दुसऱ्याच्या हातात द्या.

प्रश्न: वेस्टगेटची दांडी थोडी आवळली तर बूस्ट वाढेल का?

वाढेल, पण करू नका. वेस्टगेट म्हणजे बूस्ट मर्यादेत ठेवायला जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप. हवा दुसरीकडे गळत असेल तर टर्बोला तीच भरून काढायला अजून जोरात फिरावं लागतं, आधीच तो मिनिटाला लाखावर फेरे मारतो, बेअरिंग त्यातच जातं. आधी गळती शोधा, एअर फिल्टर बदला, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय का बघा. दांडी कंपनीने ठेवली तिथेच राहू द्या.