निकालाचा तक्ता पुन्हा उघड

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नवं फझिंग टूल, म्हणजे प्रोग्रामला यादृच्छिक इनपुट देऊन तो कोसळतो का हे पाहणारं साधन, चालायला लागलं, जुन्यापेक्षा जास्त बग सापडताहेत, आणि आता पेपर आयसीएसई या परिषदेला पाठवू की आयएसएसटीए या परिषदेला, असं विचारलंस. त्याआधी तुझ्या निकालाच्या तक्त्याबद्दल बोलायचं आहे.

तक्त्यात ‘बग’ म्हणून जे आकडे दिलेस, ते खरं तर क्रॅशचे, म्हणजे प्रोग्राम किती वेळा कोसळला त्याचे आहेत. एकाच चुकीमुळे शेकडो निरनिराळे इनपुट प्रोग्राम पाडू शकतात. स्टॅक ट्रेसवरून, म्हणजे कोसळताना कुठली फंक्शन चालू होती त्या यादीवरून, वर्गवारी केलीस, तरी एकच बग चार ठिकाणी मोजला जातो, नाहीतर दोन वेगळे बग एकाच नावाखाली जातात. शिवाय प्रत्येक टूल किती वेळा चालवलंस, हे कुठेच लिहिलेलं नाही. फझिंगमध्ये दैवाचा भाग मोठा असतो, त्यामुळे एका खेपेवरून काहीच सिद्ध होत नाही. 2018 साली काही संशोधकांनी या विषयावरचे 32 पेपर तपासले, तेव्हा प्रत्येकाच्या प्रयोगात काही ना काही खोट निघाली. बहुतेकांनी पुरेशा खेपा केल्याच नव्हत्या. त्यात जाणती माणसं होती, म्हणून तुला हे आवर्जून सांगतो.

माझ्याही हातून अशी चूक झाली आहे. म्युटेशन टेस्टिंगमध्ये आपण प्रोग्राममध्ये मुद्दाम छोटे बदल करतो आणि टेस्ट ते पकडतात का, हे पाहतो. माझ्या टेस्टनी जवळजवळ सगळे म्युटंट, म्हणजे असे बदललेले प्रोग्राम, ‘मारले’, म्हणजे पकडले होते. आनंदात मी लेखाचा मसुदाही लिहून काढला. मग एका रात्री सहज मूळ, न बदललेल्या प्रोग्रामवर तीच स्क्रिप्ट चालवली, तर तिने तोही ‘मेला’ म्हणून दाखवला! एक टेस्ट फ्लेकी होती, कधी पास तर कधी फेल व्हायची, आणि स्क्रिप्ट प्रत्येक फेल म्युटंटच्या नावावर मांडत होती. तीन महिन्यांचं काम गेलं. तेव्हापासून कुठलाही प्रयोग मी आधी अशा ठिकाणी चालवतो, जिथलं उत्तर मला ठाऊक असतं.

इतरांच्या प्रोग्रामवर संशय घेणं हे आपलं रोजचं काम. तोच संशय स्वतःच्या स्क्रिप्टवर घ्यायला मन तयार होत नाही, विशेषतः निकाल मनासारखा आला की. या पेशात मला हेच सगळ्यात अवघड वाटत आलं आहे.

कव्हरेजचा, म्हणजे प्रोग्रामचा किती भाग तपासणीत चालवला गेला त्याचा, आकडा वाढला, हे तू यश म्हणून मांडलंस. 2014 साली पाच मोठ्या जावा प्रणालींवर हजारो टेस्ट सूट, म्हणजे टेस्टचे संच, तपासले गेले. सूटमधल्या टेस्टची संख्या सारखी ठेवल्यावर कव्हरेजचा आणि चुका पकडण्याच्या ताकदीचा संबंध बराच क्षीण झालेला दिसला. तो आकडा जरूर दे, पण सगळा दावा त्याच्यावर उभा करू नकोस.

करिअरची काळजी मला कळते. पेपरांची संख्या, नोकरी, शिष्यवृत्तीची मुदत, सगळं खरं आहे. पण फझिंगची सुरुवात आठव. 1988 मध्ये वादळी रात्री डायल-अप लाइनवरच्या खरखरीमुळे प्राध्यापक बार्टन मिलर यांचे युनिक्सवरचे प्रोग्राम कोसळू लागले. असं का व्हावं, हा प्रश्न त्यांनी विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून दिला. युनिक्सच्या पाव ते तृतीयांश युटिलिटी, म्हणजे नेहमीच्या कामाचे छोटे प्रोग्राम, निव्वळ यादृच्छिक इनपुटने पडल्या. 1990 मध्ये लेख आला. टूल आणि डेटा त्यांनी सर्वांसाठी खुला केला, त्यामुळे कोणालाही ते पडताळता आलं. तुझंही टूल तसंच खुलं ठेव आणि ते वापरणाऱ्यांच्या तक्रारींना उत्तरं दे. त्यात वेळ जातो आणि बढतीच्या अर्जात त्याला फारशी जागा नसते, तरी दे.

या मुदतीला पेपर पाठवू नकोस. क्रॅशमधले कुठलेही वीस निवड, स्वतः डीबगरमध्ये उघड आणि प्रत्येकाचं मूळ कारण एका ओळीत लिही. ती वीस ओळींची यादी मला पाठव. आयसीएसई की आयएसएसटीए, ते ती वाचून ठरवू.